आरबीबीपी४ प्रकल्पाच्या नोंदी: दोन बँडांचा हिशेब

१० जून

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आज ठरला. मानवी आरबीबीपी४ हे जनुक आणि त्यापासून तयार होणारे, हिस्टोनांना (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांना) धरून ठेवणारे प्रथिन यांवर काम करायचे आहे. मार्गदर्शक मॅडमनी मांडलेला प्रश्न ऐकायला लहान आहे: हेला पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशींमध्ये) एसआयआरएनए, म्हणजे ठरावीक जनुकाचा संदेश नष्ट करवणारे आरएनएचे छोटे तुकडे, सोडून आरबीबीपी४ खाली आणले, तर ते खरोखर खाली आले आणि त्याचे जुळे आरबीबीपी७ मात्र जागेवर राहिले, हे आपल्याला निःशंकपणे दाखवता येते का? प्रयोगशाळेतल्या ताईच्या पीएच.डी.च्या कामाला पुढे याच पेशी लागणार आहेत आणि कमी झालेले नेमके कोण हे ठाऊक नसताना तिने त्यांवर वर्ष घालवणे परवडणारे नाही. प्रयोगशाळेची अधिकृत वही इंग्रजीतच ठेवावी लागते. ही नोंद मी माझ्यासाठी मराठीत लिहीत आहे, बहुतेक वेळा नेरूळहून ठाण्याला परतताना लोकलमध्ये.

प्रस्तावाच्या मसुद्यात मी वार्धक्यातील विस्मरणावर एक परिच्छेद घातला होता. २०१३ साली कोलंबिया विद्यापीठातील एरिक कँडेल यांच्या गटाने असे दाखवले की, मेंदूतील हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या भागात हे प्रथिन वयानुसार कमी होते आणि तरुण उंदरांमध्ये त्याच्या कामात अडथळा आणल्यास त्यांची स्मरणशक्ती म्हाताऱ्या उंदरांसारखी होते. परिच्छेद वाचायला चांगला झाला होता. मॅडमनी त्यावर एक तिरपी रेघ मारली आणि विचारले, "तुझ्या प्रकल्पात उंदीर आहे का गं?" नाही. परिच्छेद गेला.

१२ जून

आजचा दिवस नावांत गेला. एकाच प्रथिनाला इतकी नावे असतील याची मला कल्पना नव्हती. १९९३ साली रेटिनोब्लास्टोमा प्रथिन, म्हणजे आरबी, हे स्तंभात बांधून ठेवून त्यावरून पेशींचा अर्क सोडला असता जी प्रथिने त्याला चिकटून राहिली, त्यांत हे सापडले. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ते ४८ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनांच्या वजनाचे एकक) जागी दिसले, म्हणून आरबीएपी४८. त्याच्या किंचित खाली दिसणारे दुसरे ते आरबीएपी४६. जनुकांची अधिकृत नावे आरबीबीपी४ आणि आरबीबीपी७. पहिले १ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या लहान भुजेवर, दुसरे एक्स गुणसूत्रावर. फळमाशीत या दोघांच्या जागी एकच प्रथिन आहे, त्याला कुठे पी५५ म्हणतात तर कुठे नर्फ५५. यीस्टमधल्या नातेवाइकाचे नाव एमएसआय१.

या शेवटच्या नावाने माझा एक तास खाल्ला. मानवी प्रथिनक्रमांच्या संग्रहात 'एमएसआय१' टाकून मी जो क्रम उतरवून घेतला, तो दुसऱ्याच कशाशीही जुळेना. ते मुसाशी निघाले. जपानी तलवारबाजाच्या नावाचे, आरएनएला बांधले जाणारे, या घराण्याशी काहीही संबंध नसलेले प्रथिन. ताई म्हणाली की, ही चूक प्रत्येक जण एकदा करतो आणि म्हणूनच शोध नावाने नव्हे, तर नोंदक्रमांकाने घ्यायचा असतो.

मला मात्र दुसरीच गोष्ट खटकते. आरबीशी बांधले जाणारे प्रथिन असे नाव मिळाले ते केवळ पहिल्यांदा ज्या दारात दिसले त्या दारावरून. पुढच्या काही वर्षांत ते हिस्टोनांवरचे अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या एचडॅक१ बरोबर सापडले, डीएनएची नक्कल होताना नवे न्यूक्लिओसोम (हिस्टोनांभोवती डीएनएची गुंडाळी) बसवणाऱ्या कॅफ-१ मध्ये सापडले, नर्ड, सिन३ आणि पीआरसी२ या संकुलांतही सापडले. आरबी असो वा नसो, हिस्टोन सगळीकडे होते. शिवाय आमच्या हेला पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराची जनुके शिरलेली आहेत आणि त्यांतील ई७ हे प्रथिन आरबीला निकामी करून ठेवते. म्हणजे ज्याच्या नावाने आपले प्रथिन ओळखले जाते, तोच आमच्या पेशीत अंथरुणाला खिळलेला आहे.

१५ जून

दोन्ही प्रथिनांचे क्रम एकाखाली एक मांडले. दोन्ही बरोबर ४२५ अमिनो आम्लांची. साम्य नव्वद टक्क्यांच्या आसपास. पहिल्या दहा-बारा जागांत थोडा फरक, मध्ये इकडेतिकडे एखादे अक्षर वेगळे आणि मग अगदी शेवटी, शेपटाशी, दहा-बारा अक्षरांचा असा तुकडा की जिथे दोघे स्पष्टपणे वेगळे होतात. बाकी ओळीच्या ओळी जशाच्या तशा.

मग आकडेमोड करून दोघांचे वजन काढले आणि हसू आले. आरबीएपी४८ चे वजन सुमारे ४७.७ किलोडाल्टन, तर आरबीएपी४६ चे सुमारे ४७.८. नावात लहान असलेला प्रत्यक्षात कणभर जडच आहे. नावातले आकडे तराजूचे नसून जेलचे आहेत. एसडीएस या साबणासारख्या रसायनाच्या जेलमध्ये प्रथिन किती वेगाने खाली सरकते हे केवळ वजनावर नव्हे, तर त्याच्यावर एसडीएस किती आणि कसे चढते यावरही अवलंबून असते, आणि एवढ्याशा फरकांमुळे एकाची चाल दुसऱ्यापेक्षा किंचित जलद होते. हा मुद्दा मी वहीत चौकटीत लिहून ठेवला, कारण हा फरकच आमच्या उपयोगी पडण्याची शक्यता आहे.

२० जून

रचनेचे वाचन. दोन दिवस याच कामात गेले आणि आतापर्यंतचा सर्वांत सुखाचा भाग हाच आहे.

या कुटुंबातील प्रथिनांत सुमारे चाळीस अमिनो आम्लांचा एक नमुना पुन्हापुन्हा येतो आणि तो बहुधा ट्रिप्टोफॅन व अ‍ॅस्पार्टिक आम्ल या जोडीने संपतो. त्या दोघांच्या एकाक्षरी संकेतांवरून (डब्ल्यू आणि डी) त्याला डब्ल्यूडी४० म्हणतात. असा प्रत्येक नमुना वळून एक पाते होते आणि सात पाती गोलाकार बसून भिरभिऱ्यासारखा आकार तयार होतो. मी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची सात पाती कापून, मधोमध टाचणी लावून तसे भिरभिरे केले. त्यात प्रथिनाच्या सुरुवातीचे लांब हेलिक्स, म्हणजे मळसूत्री भाग, दाखवायला मॅडमच्या टेबलावरची अर्धी खडूची कांडी चिकटपट्टीने कडेला लावली. आरबीबीपी४ मध्ये हे हेलिक्स नेमके असेच, सातव्या पात्याच्या कुशीला टेकून असते.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या रचनांत, एक फळमाशीच्या प्रथिनाची आणि एक मानवी आरबीएपी४६ ची, असे दिसले की एच४ या हिस्टोनचे पहिले हेलिक्स त्या खडूच्या कांडीच्या आणि जवळच्या एका फासासारख्या भागाच्या मधल्या खाचेत जाऊन बसते. माझ्या मॉडेलमध्ये तिथे आगपेटीची काडी बरोबर मावली. याचा अर्थ कागदावरच्या वर्णनापेक्षा काडी खोचताना अधिक कळला. न्यूक्लिओसोममध्ये डीएनएच्या १४७ जोड्या आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेल्या असतात आणि तिथे एच४ चे हेच हेलिक्स एच३ च्या सोबतीने गाभ्यात दडलेले असते. बाहेरून कोणाला त्याला असे कवेत घेता येत नाही. म्हणजे आरबीबीपी४ ही खाच वापरून हिस्टोनाला पकडते ते तो गुंडाळला जाण्यापूर्वी किंवा सुटा झाल्यानंतर. कॅफ-१ मध्ये त्याचे असणे मग आपोआप समजते. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते तेव्हा सुमारे ३ कोटी न्यूक्लिओसोमांच्या जागी दुप्पट बसवावे लागतात आणि सुटा हिस्टोन पेशीत मोकळा भटकू देणे धोक्याचे असते, कारण धनभारित असल्यामुळे तो ऋणभारित डीएनएला वाटेल तिथे चिकटेल. कोणीतरी त्याला हात धरून न्यावे लागते.

भिरभिऱ्याचा वरचा भाग, म्हणजे टाचणीचे डोके असते तो, वेगळ्याच कामाचा. २०११ साली फळमाशीच्या नर्फ५५ वर दिसले की, एच३ च्या शेपटाचे टोक तिथे येऊन बसते आणि त्या टोकाच्या चौथ्या जागेवरील लायसिनवर तीन मिथिल गट असतील, तर बसत नाही. चालू असलेल्या जनुकांच्या सुरुवातीला हीच खूण असते. म्हणजे पीआरसी२ सारखे जनुके बंद ठेवणारे संकुल चालू जनुकाच्या दारात आले, तर त्याला तिथे पाय रोवायला जागा मिळू नये, अशी ती तजवीज दिसते.

आणखी एक गोष्ट वाचल्यावर मी मॉडेलमधली काडी काढून घेतली. पीआरसी२ मध्ये असताना त्या बाजूच्या खाचेत एच४ नसतोच. तिथे एसयूझेड१२ या सोबत्याचा तुकडा बसलेला असतो. नर्डमध्ये ती जागा एमटीए१ घेते. खिसा एकच आणि हात घालणारे अनेक, पण एका वेळी एकच. हिस्टोन वाहून नेणारे प्रथिन आणि संकुलाचा सांगाडा धरणारे प्रथिन हे दोन्ही एकच असून, त्या क्षणी खिशात कोण आहे यावर त्याचे काम ठरते, असे मी समजले. मॅडमना मॉडेल आवडले. खडू परत मागितला.

२८ जून

पीसीआरसाठी (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीसाठी) प्रायमर, म्हणजे त्या तुकड्याच्या दोन टोकांना बसणारे डीएनएचे छोटे तुकडे, आखले. आरबीबीपी७ ला लागू नयेत म्हणून टोके प्रथिनाच्या शेपटाकडच्या वेगळ्या भागात आणि त्यापुढच्या अनुवाद न होणाऱ्या भागात धरली. मागणी नोंदवली.

४ जुलै

एक गोंधळ. आरएनएपासून सीडीएनए, म्हणजे त्याची डीएनएतली नक्कल, करताना आपण नेहमी एक नळी अशी ठेवतो की जिच्यात उलट लिप्यंतर करणारे एन्झाइम घातलेलेच नसते. तिच्यात काही उमटू नये, असा नियम. आज तिच्यातही बँड आला, आणि तोही नेमका त्याच उंचीवर. प्रायमर दोन वेगवेगळ्या एक्झॉनांत (जनुकाच्या संदेशात टिकणाऱ्या भागांत) असल्यामुळे जीनोमिक डीएनए मिसळला असता तरी मधल्या, संदेशातून कापून टाकल्या जाणाऱ्या इंट्रॉनमुळे तुकडा खूप मोठा यायला हवा होता, किंवा यायलाच नको होता. मी प्रथम पिपेटची चूक समजले, नव्या टिप्स, नवे पाणी, सगळे नवे घेऊन पुन्हा लावले. पुन्हा तोच बँड.

ताईने पाहिले आणि खुर्ची ओढून बसली. "छद्मजनुके पाहिलीस का?" मी पाहिली नव्हती. आरबीबीपी४ ची अशी छद्मजनुके मानवी जीनोममध्ये आहेत: कधीकाळी त्याच्या एमआरएनएची डीएनएत उलट नक्कल होऊन ती गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी जाऊन बसली. एमआरएनएवरून आलेली असल्यामुळे त्यांत इंट्रॉन नाहीत. म्हणून जीनोमिक डीएनएचा एवढासा अंश राहिला तरी माझ्या प्रायमरांना तिथे अगदी हव्या त्या मापाचा तुकडा सापडतो. एक्झॉनांच्या सीमेवर प्रायमर ठेवला की निर्धास्त राहता येते, हा पुस्तकी विश्वास अशा जनुकापुढे टिकत नाही.

उपाय: आरएनए डीएनेजने (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने) नीट स्वच्छ करणे आणि प्रायमरांचे तिसरे टोक अशा जागी आणणे, जिथे छद्मजनुकांत निदान एकदोन अक्षरे बदललेली आहेत. तीन दिवस.

वरच्या वाक्यात 'तिसरे टोक' म्हणजे तीन-प्राइम टोक, जिथून नक्कल पुढे वाढते ते. लोकलमध्ये उभ्याने लिहिले की असे होते.

८ जुलै

नव्या प्रायमरांनी एन्झाइमविना ठेवलेली नळी कोरी आली. पुढे.

११ जुलै

रात्रभर पाऊस. पहाटे वीज गेली, जनरेटर उशिरा सुरू झाला आणि इनक्युबेटरमधल्या पेशी किती वेळ थंड राहिल्या हे सांगायला कोणी नव्हते. तुर्भ्याच्या पुढे गाडी बराच वेळ उभी राहिल्यामुळे मी पोहोचले तेव्हा माध्यमाचा रंग लालसरऐवजी जांभळटाकडे झुकलेला होता, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही सुटला होता. पेशी तळाला चिकटून होत्या, पण मॅडमनी तो संच टाकून द्यायला सांगितले. गोठवलेल्या नळीपासून पुन्हा सुरुवात. दहा दिवस गेले.

२४ जुलै

पहिला वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जेलमधली प्रथिने पडद्यावर उतरवून त्यांतले हवे ते अँटीबॉडीने शोधणे. आरबीबीपी४ साठी घेतलेल्या अँटीबॉडीने ४८ च्या जागी एक जाड, गुबगुबीत बँड दिला. मी खूश झाले. मॅडम झाल्या नाहीत. त्यांनी फिल्म दिव्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "हा एक माणूस नाही, दोन आहेत. एका शालीत बसलेत."

२५ जुलै

अँटीबॉडीसोबत आलेला कागद शेवटपर्यंत वाचला, जे मी पहिल्या दिवशीच करायला हवे होते. शीर्षकात फक्त आरबीबीपी४ चा उल्लेख आहे. सशाला जे पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) टोचले गेले, तो भाग मात्र प्रथिनाच्या मधल्या पट्ट्यातला आहे आणि १५ जूनच्या माझ्या मांडणीत तो शोधला तर आरबीबीपी७ मध्येही तो अक्षरशः तोच आहे. म्हणजे ही अँटीबॉडी दोघांनाही धरणार हे पाच मिनिटांत समजण्यासारखे होते. पुरवठादाराला पत्र लिहिले. उत्तर आले की, आमच्या चाचणीत एकच बँड दिसला. त्यांनी कोणत्या टक्केवारीचे जेल किती वेळ चालवले, हे उत्तरात नव्हते.

शेपटावरची नवी अँटीबॉडी मागवायला निधी नाही. मॅडमचे म्हणणे असे की, ही अडचण नसून सोय आहे: दोघांनाही दाखवणारी अँटीबॉडी आणि दोघांना वेगळे करणारे जेल मिळाले, तर एकाच फिल्मवर एकाचे कमी होणे आणि दुसऱ्याचे टिकणे, दोन्ही शेजारीशेजारी दिसेल. हे मला घरी पोहोचेपर्यंत पटले नव्हते. आता लिहिताना पटते आहे.

३० जुलै

जेल १० टक्क्यांचे केले, व्होल्टेज कमी ठेवले आणि रंगाची रेघ बाहेर पडल्यानंतरही बराच वेळ चालू ठेवले, ३७ चा मार्कर अगदी तळाशी येईपर्यंत. चार तासांचे काम. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना डेव्हलपरच्या द्रावणात बँड हळूहळू उमटू लागले: आधी एक राखाडी सावली, मग तिच्या मधोमध पांढरी, केसाएवढी फट. वर एक रेघ, खाली एक रेघ. प्रयोगशाळेतल्या काकांनी दार ठोठावून दिवे लावायचे का म्हणून विचारले तेव्हा मी नको म्हणून ओरडले, त्यांना नंतर चहा पाजला.

मात्र सगळ्या नमुन्यांचा अर्क सारखा भरला का हे पाहण्यासाठी ठेवलेले जीएपीडीएच हे प्रथिन गायब. ते ३६ किलोडाल्टनच्या जवळपासचे, त्यामुळे इतका वेळ चालवल्यावर ते जेलमधून निसटून बफरमध्ये गेले. अ‍ॅक्टिन घ्यावे तर ते ४२ वर, आमच्या जोडीच्या फार जवळ. ताईकडे व्हिन्क्युलिनची अँटीबॉडी आहे. ते शंभराच्या बरेच वर असल्याने वरच्या भागात सुरक्षित राहते. फिल्म बदलण्याऐवजी पडदा आडवा कापून वरचा तुकडा व्हिन्क्युलिनला, खालचा आमच्या जोडीला, असे ठरले.

९ ऑगस्ट

एसआयआरएनए आले. आरबीबीपी४ साठी दोन वेगवेगळे, आरबीबीपी७ साठी एक आणि कशालाही न लागणारा एक. एकाच जनुकासाठी दोन घेण्याचे कारण असे की, एकाने दिसलेला परिणाम भलत्या एमआरएनएला लागल्यामुळेही असू शकतो. दोघांनीही तोच दिसला, तर तशी शंका कमी राहते.

१३ ऑगस्ट

बहात्तर तासांनंतर पेशी गोळा केल्या. पीसीआरवर आरबीबीपी४ चा संदेश दोन्ही एसआयआरएनएंनी चांगलाच खाली आला आहे. प्रथिन उद्या नाही, सुट्टीनंतर पाहायचे.

१९ ऑगस्ट

ब्लॉट. जेलच्या पहिल्या गल्लीत (एका नमुन्याच्या उभ्या पट्टीत), जिथे निरुपयोगी एसआयआरएनए होते, वरची आणि खालची दोन्ही रेघा. दुसऱ्या व तिसऱ्या गल्लीत वरची रेघ फिकट, खालची ठळक. चौथ्या गल्लीत, आरबीबीपी७ कमी केले तिथे, याच्या बरोबर उलट. वरची रेघ कोणाची आणि खालची कोणाची हे १९९३ पासून लोकांना ठाऊक आहे, पण आमच्या पेशींत, आमच्या अँटीबॉडीने, आमच्या जेलवर ते पहिल्यांदाच बोलले.

दुसऱ्या गल्लीतली खालची रेघ मात्र नुसती टिकलेली नव्हती, पहिल्या गल्लीपेक्षा जाड होती. म्हणजे एक भाऊ गेला म्हणून दुसऱ्याने ओझे उचलले? मी लगेच तीन पाने लिहून काढली: दोन्ही प्रथिने कोणकोणत्या संकुलांत एकमेकांच्या जागी चालतात, एच४ च्या पाचव्या आणि बाराव्या लायसिनवर अ‍ॅसिटिल गट चढवणाऱ्या हॅट१ बरोबर आरबीबीपी७ असते, वगैरे. मॅडमनी ती पाने बाजूला ठेवून पडद्याचा वरचा तुकडा मागितला. व्हिन्क्युलिनही त्या गल्लीत तेवढेच जाड होते. मी तिथे अर्क जास्त भरला होता.

२ सप्टेंबर

पुन्हा केले, या वेळी प्रथिनाचे मोजमाप तीनदा करून. चारही गल्ल्यांत व्हिन्क्युलिन सारखे, वरची रेघ दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीत फिकट, खालची जशीच्या तशी. भाऊबंदकीची कहाणी वहीतून काढून टाकली नाही, फक्त तिच्यावर 'अर्क जास्त' असे लिहून तारीख घातली.

१६ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतरची तिसरी फेरीही तीच. मॅडमनी तिन्ही फिल्म एकावर एक ठेवून पाहिल्या आणि ताईला काम पुढे न्यायला हरकत नाही असे सांगितले. ताई आता याच पेशींत नव्या हिस्टोनांवर खूण करून ते किती वेगाने क्रोमॅटिनमध्ये (डीएनए आणि हिस्टोनांच्या गुंडाळीत) बसतात ते मोजणार आहे.

दोन्ही एसआयआरएनएंच्या उरलेल्या नळ्या आणि गोठवलेले अर्क उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये तिच्या खणात ठेवले. खोक्यावर आधी नुसते 'आरबीएपी४८' लिहिले होते. ते खोडून जनुकाचे नाव, क्रमाचा नोंदक्रमांक आणि 'वरचा बँड. १० टक्के जेल, चार तास. जीएपीडीएच वापरू नये' असे लिहिले. जागा कमी पडली म्हणून शेवटचे तीन शब्द झाकणावर आहेत.